परत जायचं की नाही हे ठरवायच्या आधी एक मंगळवार लिहून काढा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही २८ वर्षांचे, नोकरीसाठी नव्या शहरात येऊन सात महिने झाले, काम बरं आहे, पगार आधीपेक्षा चांगला आहे, पण संध्याकाळी खोलीवर आलं की भिंती अंगावर येतात आणि शनिवार-रविवार सगळा घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी फोनवर जातो. आई म्हणते ये परत, कशाला जिवाला त्रास. बाबा म्हणतात निदान दोन वर्षं तरी काढ. जुन्या कंपनीत जागा आहे पण महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "परत गेलो तर हरलो असं होईल का?" या सगळ्यात मध्येच एक वाक्य तुम्ही सहज टाकून दिलंय, की अजून गादी जमिनीवरच आहे, पलंग-कपाट काही घेतलं नाही, परतच जायचं असेल तर कशाला उगाच. ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, त्याच्याकडे येतेच.

मी समुपदेशक आहे, १६ वर्षं हेच काम करतेय, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शहर बदललेली माणसं बरीच असतात. मी स्वतःही एकदा गेले होते आणि १४ महिन्यांनी परत आले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं माहितीय. जा किंवा राहा असं एका शब्दात मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या प्रश्नात नसलेल्या बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. घरी कोणी आजारी आहे का, डोक्यावर कर्ज किती, कोणाबरोबर लग्नाचं वगैरे चाललंय का, जुन्या जागेवर पगार किती कमी होईल, हे तुम्ही काही लिहिलेलं नाही. आईवडिलांपैकी कोणाची तब्येत खरंच ढासळत असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा, तो हिशोबच वेगळा असतो. तसंच झोप उडालीय, भूक मेलीय, सकाळी उठून कामावर जाणंच जमेनासं झालंय, किंवा जगण्यात अर्थ नाही असले विचार येतायत, असं काही असेल तर आजच्या आज जवळच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा, शहराचा निर्णय त्यानंतर. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जाणं मला जमत नाही.

आता मुद्द्यावर. लोक "परत जाऊ का" असं विचारतात तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोन प्रश्न चिकटलेले असतात. एक, मला तिथे जायचंय का. दुसरा, मला इथलं हे जे चाललंय ते संपायला हवंय का. दोन्हींचं उत्तर "हो" आलं तर सोपं आहे, बॅग भरा. पण बऱ्याच जणांचं फक्त दुसऱ्याचं उत्तर हो असतं आणि ते त्यालाच पहिल्याचं उत्तर समजतात.

याचं मला आवडणारं एक जुनं उदाहरण आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये घराच्या ओढीवर प्रबंध लिहिला, 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द त्यानेच बनवला, घरी परतणं आणि वेदना अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. तेव्हा तो चक्क आजार मानला जायचा आणि त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठवणं. त्यात एका तरुणाची केस आहे, बर्नहून बासेलला शिकायला आलेला, इतका खंगला की आता जगत नाही असं वाटायला लागलं, म्हणून शेवटी त्याला घरी न्यायला काढलं. आणि तो रस्त्यातच सुधारायला लागला, बर्न यायच्या आधीच बरा झाला. म्हणजे बघा, घर अजून दिसलंही नव्हतं! त्याला बरं वाटलं ते सुटल्यामुळे, पोचल्यामुळे नव्हे. तुम्ही आत्ता जुन्या कंपनीला "येतो" असं कळवलंत तर त्या रात्री तुम्हालाही गाढ झोप लागेल, आणि सकाळी वाटेल की बघा, हाच निर्णय बरोबर होता. त्या झोपेवर विश्वास ठेवू नका. ती तळ्यात-मळ्यात संपल्याची झोप आहे, "इथेच राहतो" असं पक्कं ठरवलंत तरी कदाचित तशीच लागेल.

मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं, तर मी सगळ्यांना एकच गृहपाठ देते. परत गेल्यानंतरच्या चौथ्या महिन्यातला एक मंगळवार लिहून काढायचा. रविवार नको, सुट्टी नको, पहिल्या आठवड्यातला भेटीगाठींचा दिवस तर अजिबात नको. साधा मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत. किती वाजता उठलात, कुठल्या खोलीत, बाथरूमसाठी कोणाचं आटपायची वाट बघताय, कामाला कसे गेलात, त्याच टेबलावर तोच साहेब समोर आहे का, संध्याकाळी सात वाजता कोण भेटलं, त्या माणसाचं नाव काय आणि त्याला मंगळवारी सात वाजता खरंच वेळ असतो का. नावं लिहायचीच. "मित्र" असं मोघम लिहिलं की मी कागद परत देते.

मंगळवारच का, तर घराची आठवण येते तेव्हा मनात मंगळवार कधीच येत नाही. येतात ती गच्ची, ती गप्पांची रात्र, आई दारात उभी. आणि इथलं आठवतं ते काय, तर रिकामी खोली. म्हणजे आपण तिथल्या रविवारची तुलना इथल्या मंगळवारशी करतो, आणि मग निकाल काय लागणार हे सांगायला समुपदेशक लागत नाही, दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन या दोघांनी १९९८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, कॅलिफोर्नियातल्या आणि मिडवेस्टमधल्या (म्हणजे तिथला मधला, कडक थंडीचा भाग) कॉलेजच्या मुलांवर. दोन्हीकडच्या मुलांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, कारण हवा छान. पण स्वतःच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात असं विचारल्यावर दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखेच निघाले. दोन जागांची तुलना करायला बसलो की त्यांच्यातला जो फरक डोळ्यात भरतो तोच सगळं व्यापून टाकतो, आणि रोजचं जगणं ज्यावर चालतं त्या शंभर बारीक गोष्टी दिसेनाशा होतात. तुमच्या बाबतीत डोळ्यात भरणारा फरक म्हणजे माणसं. ती गोष्ट खरीच मोठी आहे, हवेपेक्षा कितीतरी मोठी, पण ती माणसं मंगळवारी भेटतात का एवढंच बघायचंय.

या गृहपाठातून काय काय निघतं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). एक मुलगी, तीन वर्षं बाहेर, जायचंच म्हणून पक्कं ठरवून आली होती, माझ्याकडे फक्त घरच्यांना कसं सांगायचं ते विचारायला. मंगळवार लिहायला बसली आणि सातच्या पुढे अडकली. चौघी मैत्रिणींतल्या दोघी स्वतःच गाव सोडून गेलेल्या, एकीचं मूल सहा महिन्यांचं, उरली एक आणि तिच्याशी वर्षभर धड बोलणं नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मला ते गाव नकोय, मला बावीस वर्षांची व्हायचंय. ती गेली नाही. आणि याच्या बरोबर उलट एक जण, मोठ्या कंपनीत, सगळे म्हणत होते वेडा आहेस का परत जातोस, त्याने जो मंगळवार लिहिला त्यात भावाचं वर्कशॉप होतं, हाताला ग्रीस, दुपारी भांडण, संध्याकाळी पुतणीचा अभ्यास, पैसे कमी असल्याची चिडचिडसुद्धा त्याने स्वतःहून लिहिली होती, आणि तरी वाचून दाखवताना चेहरा वेगळाच दिसत होता. तो गेला, आणि माझ्या मते बरोबर गेला.

आता गादी. सात महिने तुम्ही जमिनीवर झोपताय कारण कदाचित परत जायचंय, आणि परत जावंसं वाटतं कारण इथे घरासारखं वाटत नाही, आणि घरासारखं वाटणार कसं, जमिनीवर गादी टाकून कडेला न उघडलेले खोके ठेवून? फर्निचर फक्त दिसणारी गोष्ट आहे म्हणून बोलतेय, माणसांच्या बाबतीतही तुम्ही तेच केलं असणार असं मला वाटतं. ऑफिसमधल्या कोणी एकदा बोलावलं, तुम्ही म्हणालात बघू, कारण मनात होतं कशाला ओळखी वाढवायच्या. म्हणून थोडं कडक वाटेल पण म्हणते, तुम्ही ह्या शहरात सात महिने राहिलाच नाही आहात, तुम्ही सात महिने स्टेशनवर बसून आहात. त्यामुळे "सात महिने ट्राय केलं, नाही जमलं" हा तुमचा पुरावा मी तरी धरणार नाही. शहर वाईट असेलही, पण तुम्हाला ते अजून माहीत नाही.

आणि सात महिन्यांत जवळचा मित्र झाला नाही याचं तुम्हाला जे अपराधी वाटतंय (मला कोणाशी जुळवून घेताच येत नाही, असं लिहिलंय तुम्ही), त्यावर साधं गणित सांगते. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हे तास मोजायचा प्रयत्न केला. ओळखीचा माणूस वरवरचा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्यासारखा व्हायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचा व्हायला २०० च्या वर. ऑफिसात एकत्र काम करतानाचे तास त्यात फारसे धरता येत नाहीत, गप्पा मारत, भटकत, काही न करता बसलेले तास धरायचे. आता एखाद्याला आठवड्यातून दोन तास भेटलात तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे सहा महिने, आणि तेही फक्त वरवरच्या मैत्रीला. २०० तासांना जवळजवळ दोन वर्षं. तुमचे बाबा "दोन वर्षं काढ" म्हणतात ते बहुतेक सवयीने म्हणत असतील, पण आकडा अगदीच चुकीचा नाहीये. तुमचे शनिवार-रविवारचे मोकळे तास सध्या फोनमध्ये जातायत, आणि ते तास ज्या मैत्र्या आधीच पक्क्या आहेत त्यांच्याच खात्यात पुन्हा जमा होतायत. आईचा फोन बंद करा असं मी मेले तरी म्हणणार नाही. फक्त वेळ ठरवून घ्या, म्हणजे अख्खा रविवार त्यात विरघळणार नाही.

सहा-सात महिन्यांनी जास्त जड जाणं हेही नवं नाही. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत शिकायला-शिकवायला जाऊन आलेल्या दोनशेहून जास्त नॉर्वेजियन लोकांबद्दल लिहिलं होतं. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेल्यांचं बरं जमलं होतं, मधल्या काळातल्यांचं कमी. नवलाई संपलेली असते आणि मुळं धरलेली नसतात. पण याला नियम समजू नका, नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचा आलेख असा निघाला नाही, कित्येकांना पहिलाच महिना सगळ्यात वाईट जातो. "थांब, आपोआप बरं होईल" असं सांगायला लोक हे वापरतात ते मला पटत नाही, आपोआप काही होत नाही. मी एवढंच म्हणेन की तुम्ही बहुतेक उतारावरच्या सगळ्यात खालच्या जागी उभे राहून दरीची खोली मोजताय.

परत जाण्याबद्दलही खरं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. परत जाणं हेही एक स्थलांतरच आहे. गलाहॉर्न या संशोधक पतीपत्नींनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की बाहेर राहून आलेल्यांना घरी परतल्यावरही पुन्हा एक उतार लागतो. मी २७ व्या वर्षी परत आले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. माझ्या खोलीत शिलाई मशीन आणि जुनी वर्तमानपत्रं आलेली, आईने मी नसताना स्वतःचा एक दिनक्रम बसवलेला आणि त्यात मी चक्क मध्ये मध्ये येत होते. मैत्रिणींना पहिल्या दोन भेटींत माझी गोष्ट ऐकायची होती, तिसऱ्या भेटीला त्यांच्या ज्या गप्पा चालल्या त्यातले निम्मे संदर्भ मला लागेनात. आणि रात्री उशीर झाला की "कुठे होतीस" हे परत सुरू. पाच-सहा महिने मी गुपचूप आधीच्या शहराची आठवण काढत होते, जिथे असताना रोज घरची काढायचे! येण्याचा मला पश्चात्ताप नाही, पण घर मला जसंच्या तसं ठेवून वाट बघत असेल ही माझी कल्पना पार चुकीची होती.

"हरलो असं होईल का" याला मी फार जागा देणार नाही. लोक काय म्हणतील ते दोन-तीन आठवडे म्हणतील आणि त्यांना दुसरा विषय मिळेल. त्यापेक्षा धोकादायक आहे तो उलटा विचार, की इतका खर्च झाला, डिपॉझिट अडकलंय, सगळ्यांना सांगून आलो, आता कसं परत जाऊ. तो खर्च राहिलात तरी झालेलाच आहे आणि गेलात तरी झालेलाच आहे. त्यासाठी एक प्रश्न स्वतःला विचारून बघा, समजा आज तुम्ही घरीच आहात, ह्या शहराबद्दल आत्ता जे माहितीय ते सगळं माहितीय, आणि हीच नोकरी कोणी देऊ केली, तर याल का? उत्तर लगेच "नाही" आलं तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. "माहीत नाही" आलं तर वर गादीबद्दल म्हटलं तेच, अजून बघितलेलंच नाही तर माहीत कसं असणार.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. आधी जुन्या कंपनीला फोन करून सरळ विचारलं असतं की तीन महिने मुदत मिळेल का. लोक हे विचारतच नाहीत, दुसऱ्याने दिलेली तारीख दगडावरची रेघ समजतात. नाही म्हणाले तर मग बघायचं की तशी जागा पुन्हा निघण्यासारखी आहे का. तुमच्या कामात अशा जागा वर्षाकाठी दोन-चार निघत असतील तर ही गेल्याने काही बुडत नाही. पण खरंच दुर्मिळ जागा असेल, दहा वर्षांतून एकदा निघणारी, तर तिचं वजन धरायलाच हवं, आणि मग तिथला मंगळवार याच आठवड्यात लिहा, थांबू नका.

मुदत मिळाली, किंवा ती जागा सोडायची ठरली, तर पुढचे १२ आठवडे इथे राहायचंच आहे असं समजून राहा. पलंग घ्या, वापरलेला घ्या, खोके उघडा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच माणसांत जायचं असं काहीतरी एकच पकडा, टेकडी चढणं, बॅडमिंटन, तबला, नाटकाची तालीम, काहीही, फक्त दर वेळी नवी माणसं भेटतील असलं नको, तास साठत नाहीत. पहिले तीन-चार वेळा कंटाळा येईल आणि ओशाळल्यासारखं होईल, ते होऊ द्या. आणि ह्या १२ आठवड्यांत एकदा घरी जाऊन या, पण सुट्टीत नाही. रजा टाकून किंवा तिथून काम करता येत असेल तर तसं, सोमवार ते शुक्रवार जा, जेव्हा सगळे आपापल्या कामात असतात आणि तुमच्यासाठी कोणी मोकळं नसतं. लिहिलेला मंगळवार त्या खऱ्या मंगळवारशी ताडून बघा.

एक पथ्य पाळा, रविवारी रात्री काहीही ठरवायचं नाही, घरून परतलेल्या दिवशी नाही, आणि साहेबाने झापलेल्या दिवशी तर नाहीच. मी उलटं करायला सांगते, इथे एखादा दिवस बरा गेला, काम जमलं, कोणी हसवलं, त्या संध्याकाळी स्वतःला विचारा, आत्ताही जावंसं वाटतंय का. वाईट दिवशी सगळ्यांनाच घरी जावंसं वाटतं. चांगल्या दिवशीही शांतपणे "हो, तरी जायचंय" असं येत असेल, आणि दोन-तीनदा येत असेल, तर मी म्हणेन जा, १२ आठवडे संपायचीही वाट बघू नका.

१२ आठवडे संपल्यावर मात्र एक तारीख असू द्या आणि त्या तारखेला काहीतरी एक ठरवा. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने अडलेल्या लोकांना अक्षरशः नाणं उडवून ठरवायला लावलं होतं, वीस हजारांच्या वर नाणेफेकी झाल्या, आणि मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, न बदलणाऱ्यांपेक्षा जास्त खूश निघाले. नाणं उडवा असं मी सांगत नाहीये, आणि तुमच्या बाबतीत बदल कशाला म्हणायचं तेही विचार करण्यासारखं आहे, कारण माझ्या मते तुमची "जैसे थे" स्थिती म्हणजे राहणंही नाही आणि जाणंही नाही, अधांतरी लटकणं आहे. त्यातून कुठल्याही बाजूला उतरलात तरी तो बदलच होईल.

आईबाबांना सध्या एवढंच सांगा की तीन महिन्यांनी ठरवतो, तोवर दोघांनीही विचारू नका. आईला वाईट वाटेल थोडं, पण दर रविवारी "काय ठरवलंस" याचं उत्तर देण्यापेक्षा ते बरं. मंगळवार लिहून झाला की हवं तर इथे टाका, नावं गाळून. संध्याकाळी सातच्या पुढचा भाग मला आधी वाचायचाय.